एक वीसचा स्क्रीनशॉट

कामावर तिला सगळे मॅडम म्हणत. सोळा माणसं तिच्या हाताखाली होती, सगळी आपापल्या घरी, आपापल्या कॉम्प्युटरवर काम करणारी. त्यांचा दिवस भरला की बुडाला हे तिच्या एका शेऱ्यावर ठरायचं. दादाच्या घरी मात्र ती बेचाळीस वर्षांची झाली तरी ठकीच होती. वहिनी तिला ठकू म्हणायची, आणि मॅडमपेक्षा ते तिला कितीतरी जास्त आवडायचं.

काम तसं सरळ होतं. दवाखान्यातले डॉक्टर रोग्याला तपासून झालं की भराभर काहीबाही बोलून रेकॉर्ड करून ठेवतात. ते ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं. बोलताना कुणी बिस्किट खातं, कुणी मध्येच नर्सवर खेकसतं, आणि औषधाचं नाव नेमकं खोकल्यात जातं. अशा कामाला कान तिखट लागतात. वहिनीचे कान साऱ्या टीममध्ये सगळ्यात तिखट. भाचा शिकायला परगावी गेला आणि वहिनीला घर खायला उठलं, तेव्हा ठकीनंच तिला या कामाला चिकटवलं होतं. त्याला आता चार वर्षं झाली होती.

कंपनीनं ऑफिसची जागा सोडली आणि सगळ्यांना घरी धाडलं, तेव्हा मशीन मात्र कुणाला दिलं नाही. ज्याचा त्याचा कॉम्प्युटर, ज्याची त्याची वीज, आणि त्यावर कंपनीचा एक प्रोग्रॅम. हा प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी पडद्याचा फोटो काढायचा आणि कीबोर्डवर बोटं किती चालली, माउस किती हलला ते मोजायचा. त्याचं खरं नाव लांबलचक होतं आणि कुणाच्या लक्षात राहत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात टीममधल्या कुणीतरी त्याचं बारसं केलं: सासूबाई. कोपऱ्यात गप्प बसून असतात आणि सगळं बघतात. ज्यांच्या घरी खरी सासू होती त्या म्हणत, यापेक्षा घरचीच परवडली, ती दुपारची झोपते तरी.

वहिनीचं आणि या सासूबाईंचं पहिल्यापासून जमलं नाही. कारण वहिनीची कामाची रीतच उलटी. बाकीचे लोक एक वाक्य ऐकत, थांबवत, टाइप करत. वहिनी आधी सबंध रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकायची, वीस मिनिटांचं असो की चाळीस. एकदा डॉक्टरचा सूर कानात बसला की मग एका दमात सगळं टाइप करून टाकायची, आणि त्यात चूक शोधायला भिंग घेऊन बसावं लागायचं. पण सासूबाईंना सूर कुठला कळतो? त्यांना एवढंच दिसायचं, की बोटं हलत नाहीत. झालं, वहिनीच्या नावापुढे लाल पट्टी. मग ठकीनं त्या वेळेचे फोटो उघडून बघायचे, कामाचीच फाइल समोर आहे याची खात्री करायची आणि शेरा मारायचा, ‘काम चालू होते’. हे रोजचंच झालं होतं. म्हणजे वहिनीला वाचवण्यासाठीच ठकी वहिनीच्या कॉम्प्युटरात रोज डोकवायची. हळूहळू त्या डोकावण्याचं तिला काही वाटेनासं झालं, आणि चुकलं ते तिथेच.

आणखी एक गोष्ट तिनंच करून ठेवली होती. जेवायला उठताना ‘विराम’चं बटण दाबायचा नियम होता. ते दाबलं की सासूबाई डोळे मिटायच्या. पण विरामाची मिनिटं वेगळी जमा होत आणि त्यांवर बोट ठेवून वरचे साहेब वर्षाअखेरीला माणसं गाळत. म्हणून ठकीनं वहिनीला कानमंत्र दिला होता. “तू विराम दाबूच नकोस. जेव, जरा पड, काय वाटेल ते कर. लाल पट्टी आली की मी निस्तरते.” बाकीच्या पंधरा जणांना हा मंत्र दिला नव्हता. वहिनी ती वहिनी.

त्या मंगळवारी दुपारी वहिनीच्या नावापुढे लाल पट्टी आली. ठकीनं सवयीनं फोटो उघडले. एक दहाला दवाखान्याची फाइल. एक वीसला एक अर्ज. परगावची, कर्णबधिर मुलांची निवासी शाळा, शिक्षिकेची जागा. वहिनीचं नाव, वय, लग्नाआधी घेतलेलं दोन वर्षांचं प्रशिक्षण. त्याखाली: निवासाची खोली हवी का? होय. किती जणांसाठी? एक. कधी रुजू होऊ शकाल? लगेच. पुढचे रकाने अजून कोरे होते. एक तीसच्या फोटोत पुन्हा दवाखान्याची फाइल.

ठकीनं ते ‘एक’ तीनदा वाचलं. हातातला चहा गार झाला.

वहिनीनं लग्नाआधी तसलं काही शिकून ठेवलंय हे तिला ठाऊक होतं. पण पंचवीस वर्षांत त्याचा कुणी विषय काढला नव्हता, आणि जे कुणी बोलत नाही ते संपलं असं घरातले लोक धरूनच चालतात. आता ती जाणार होती, लगेच, एकटी. दादाचं काय? खरं सांगायचं तर ठकीच्या मनात दादाच्याही आधी रविवार आला. ठकी एकटीच राहायची, दोन खोल्यांत, दादाच्या घरापासून दहा मिनिटांवर. लग्न तिनं केलं नव्हतं, आणि आता कुणी विचारतही नव्हतं. दर रविवारी दादाकडे जेवण, मग वहिनीबरोबर दुपारभर लोळत गप्पा, हेच तिचं माहेर आणि हेच सासर. वहिनी गेली तर त्या घरात उरणार दादा, आणि दादा म्हणजे मुलखाचा घुम्या.

वहिनीला सरळ विचारावं, तर कशाच्या जोरावर? तुझा अर्ज मी वाचला असं कोणत्या तोंडानं सांगणार? शिवाय टीम सांभाळणाऱ्या प्रत्येकाकडून कंपनीनं कागदावर सही घेतली होती: जे दिसेल ते कामापुरतं बघावं, बाहेर बोलू नये. ठकीनं शेरा मारला, ‘काम चालू होते’, आणि रविवारची वाट बघत बसली. वहिनी आपणहून सांगेल, अशी तिला आशा होती.

रविवारी वहिनी नेहमीसारखीच होती, उलट जरा जास्तच खुशीत. ठकीला राहवेना. तिनं लेकी बोले सुने लागे असा डाव टाकला.

“आपल्या टीममधली एक जण म्हणे नोकरी सोडून परगावी जायच्या बेतात आहे. घरी कुणाला पत्तासुद्धा नाही.”

“सांगेल गं,” वहिनी वाढता वाढता म्हणाली, “पक्कं झालं की सांगेल. आधीच बोभाटा कशाला करायचा? नाही झालं तर हसंच व्हायचं.”

वहिनीनं उत्तर दिलं होतं, अगदी सरळ. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, ठकीला त्यात लपवाछपवीच ऐकू आली.

सोमवारी ती दादाच्या ऑफिसात गेली. दादा वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होता. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. टेबलावर पितळी वजनं ओळीनं मांडलेली, आणि दादा त्यांतलं एकेक फडक्यात धरून काट्यावर ठेवत होता. बोटाचा घाम लागला तरी वजन खोटं पडतं, असं तो म्हणायचा.

ठकीनं सगळं सांगून टाकलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. अर्ज, शाळा, एक खोली, एकटीसाठी, लगेच.

“तुला तिनं सांगितलं?” दादानं विचारलं.

“नाही. कंपनीचा प्रोग्रॅम फोटो काढतो. त्यात दिसलं.”

दादानं हातातलं वजन परत ओळीत ठेवलं.

“बरं,” तो म्हणाला.

“बोल तिच्याशी. घर मोडेल नाही तर.”

“बरं.”

परतीच्या वाटेवर ठकीला हलकं वाटलं. आपण घरासाठी केलं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. ते हलकेपण आठवलं की पुढे तिला स्वतःचीच चीड यायची.

गुरुवारी वहिनीचा फोन आला. आवाज बसलेला होता.

“ठकू, हे माझा कॉम्प्युटर उघडून बघतात गं.”

ठकीनं विचारलं, “कोण म्हणालं?”

“हेच म्हणाले. मी एका शाळेत अर्ज केला होता. तुला सांगणारच होते, पक्कं झालं की. तिकडून बोलावणं आलं की ह्यांनाही नीट समजावून सांगणार होते. तर सोमवारी आले आणि मला म्हणाले, तुझा अर्ज मी पाहिला, एकटीच जायचं होतं तर सांगायचंस. मी विचारलं, कुठे पाहिलात? तर म्हणाले, कॉम्प्युटरवर. पुढे तोंडातून चकार शब्द नाही.”

आता बोल, ठकीनं स्वतःला बजावलं. आता नाही तर कधीच नाही.

“मग?” ती म्हणाली.

“मग काय, अर्ज मागे घेतला. हे म्हणाले, जा, जायचं तर जा. पण मला असं नव्हतं जायचं. आनंदानं गेले असते तर आनंदानं परत आले असते. ज्या घरात पंचवीस वर्षांनी माझ्यावर पाळत ठेवतात, तिथून आता पाय बाहेर टाकला असता तर तो परत आत वळला नसता. म्हणून नाही गेले. आता कॉम्प्युटरला पासवर्ड घातलाय. म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.” वहिनी हसायला गेली, पण हसू आलं नाही. “बरं झालं तू आहेस. नाही तर मी बोलले कुणाशी असते?”

“हो गं,” ठकी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दादानं तिचं नाव का घेतलं नाही हे तिला कळेना, आणि विचारायची छातीही होईना. न विचारण्यात तिची सोय होती. पुढचे दोन महिने त्या घरात नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते, आणि बोलायचंच झालं तर ठकीमार्फत. रविवारी दोन हात रुंदीच्या टेबलावर वहिनी म्हणायची, “ठकू, विचार त्यांना, आणखी वाढू का?” ठकी विचारायची, “दादा, वाढू का?” दादा म्हणायचा, “नको म्हणावं.” ठकी सांगायची, “नको म्हणतोय.” त्या दोन महिन्यांत दादा चांगलाच वाळला. वहिनी त्याच्या पानात सगळं नीट वाढायची, पण वर बघायची नाही. दरवेळी परत जाताना ठकी ठरवायची की पुढच्या रविवारी सांगून टाकू. पुढचा रविवार यायचा आणि जायचा.

मग एका बुधवारी सकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला. बोलणारी बाई त्या शाळेची मुख्याध्यापिका होती.

“तुमच्या वहिनींनी आमच्याकडे अर्ज केला होता, मग मागे घेतला. कारण काही लिहिलं नाही. त्यांच्यासारखं दुसरं कुणी आम्हाला मिळालं नाही, जागा अजून रिकामी आहे. त्यांना परत विचारावं की नाही, याचा विचार करत होते. अर्जात ओळखीची व्यक्ती म्हणून तुमचं नाव आहे, म्हटलं आधी तुमच्याशी बोलावं.”

“माझं नाव?”

“हो ना. शेवटच्या रकान्यात. नातं नणंद, ओळख पंचवीस वर्षांची. आणि खाली त्यांनी स्वतःहून एक ओळ घातलीय. वाचू का?” कागदाची सळसळ झाली. “माझ्याविषयी काहीही विचारायचे असल्यास यांना विचारावे. माझे त्यांच्यापासून काही लपलेले नाही.”



“आणि त्यांनी एक अट घातली होती,” बाई पुढे म्हणाल्या, “एक आड एक शनिवार-रविवार घरी जाऊ द्यावं. आम्हाला ती मान्य होती. मग अडलं कशावर? घरी काही अडचण?”

“हो,” ठकी म्हणाली. “अडचण मी आहे.”

बाईंना ते समजलं नाही, आणि ठकीला ते परत म्हणवेना. शनिवारपर्यंत थांबा, एवढंच तिनं कसंबसं विनवलं. फोन ठेवल्यावर तोंडात पदर कोंबून ती रडली. मग तोंड धुऊन तशीच निघाली.

दादा कामावर गेला होता. दार नुसतंच लोटलेलं होतं. वहिनी खिडकीजवळच्या टेबलाशी, कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकत बसली होती. मांडीवर हात, भुवया जराशा आक्रसलेल्या. ठकी दारातच उभी राहिली. उभ्या उभ्या तिला पहिल्यांदाच जाणवलं, की इतकी वर्षं आपण हिचे फोटो बघितले ते पडद्याचे. पडद्यासमोर ही अशी बसते हे कधी बघितलंच नाही. रेकॉर्डिंग संपेपर्यंत ती थांबली. वहिनीनं डोळे उघडले आणि ती दचकलीच.

“अगं बाई! अशी काय उभी आहेस भुतासारखी? आणि रडलीस का?”

“वहिनी, दादानं तुझा कॉम्प्युटर कधीच उघडला नाही. मी पाहिलं. मी त्याला जाऊन सांगितलं.”

सुरुवात झाल्यावर बाकीचं आपोआप आलं. एक वीसचा फोटो, दादाचं ऑफिस, शाळेचा फोन, शेवटची ओळ. वहिनीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि त्याची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“दोन महिने झाले,” शेवटी ती म्हणाली.

“हो.”

“ह्यांनी एकदाही तुझं नाव नाही घेतलं. मी काय काय बोलले त्यांना. तरी नाही घेतलं.”

“नाही.”

“आणि तू रविवारी इथे बसून त्यांचे निरोप मला सांगत होतीस. नको म्हणतोय म्हणून.”

ठकीनं मान खाली घातली.

“रोज बघायचीस?”

“लाल पट्टी आली की बघावं लागायचं. तुझं काम वाचवायलाच गं—”

“ते ठाऊक आहे मला. मी विचारलं, रोज बघायचीस का?”

“हो.”

वहिनीनं शाळेचा नंबर मागितला. ठकीच्या समोरच फोन लावला, आणि नुसतं एवढंच म्हणाली, “मी येते. घरी आज सांगते, उद्या पक्कं कळवते.” मग खुर्चीवरून उठली आणि कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

“हे काढून दे.”

“म्हणजे नोकरी...”

“काढून दे म्हटलं ना. मला काढता येत नाही, तुमचा नंबर लागतो.”

ते खरं होतं. टीमच्या मॅडमचा नंबर घातल्याशिवाय सासूबाई कुठल्याही कॉम्प्युटरातून हलायच्या नाहीत. ठकी खुर्चीत बसली, नंबर घातला. नक्की काढायचं का, असं पडद्यानं दोनदा विचारलं आणि तिनं दोनदा हो म्हटलं. एवढ्या वेळात वहिनी आत जाऊन ओट्याशी उभी राहिली होती, पाठ करून. चहा टाकते असं काही ती म्हणाली नाही. त्या घरातून ठकी पहिल्यांदाच बिनचहाची उठली. जाताना तिनं “येते वहिनी” म्हटलं, आणि आतून “दार ओढून घे” एवढंच आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं उरलेल्या पंधराही जणांना कळवलं, की जेवताना विराम दाबत चला, मिनिटांचं मी वर बघून घेते. उशिरा सुचलेलं शहाणपण. लोक म्हणाले, मॅडमना काय झालं?

वहिनी गेली ती हसतमुखानं गेली. दादा स्वतः सामान घेऊन पोचवायला गेला, खोलीतलं कपाट सरळ बसत नव्हतं म्हणून त्याच्या पायाखाली लाकडाची चकती घालून आला. त्या दोघांचं असं काही जुळलं, की लग्न नुकतंच झालंय की काय असं वाटावं. ती एक आड एक शनिवारी घरी येऊ लागली. त्या शनिवारी सकाळी दादाचा ठकीला फोन यायचा, “उद्या नको येऊस गं. आम्ही जरा बाहेर जातोय.” दर खेपेला तेच वाक्य. घुम्या माणसाला थाप मारायची म्हणजे एकच थाप पुरवून पुरवून वापरावी लागते.

मधल्या रविवारी मात्र ठकी जायची. दादा जमेल तसं शिजवायचा आणि दोघं समोरासमोर बसून खायची. अशाच एका दुपारी तिनं अखेर विचारलं.

“दादा, तू माझं नाव का नाही सांगितलंस तेव्हा?”

दादानं घास चावून संपवला. त्याला कुठलीही घाई नसायची.

“माझ्याशी तर ती बोलायची थांबलीच होती,” तो म्हणाला. “तुझ्याशीही थांबली असती तर बोलायला तिला कोण उरलं असतं?”

ठकीच्या हातातला घास तिथेच राहिला. दोन महिने हा माणूस तिच्या चुकीची बोलणी निमूट खात होता, आणि तोही तिच्यासाठी नव्हे, बायकोला कुणीतरी असावं म्हणून. आणि ती ‘कुणीतरी’ व्हायचं सोडून ठकी नुसती गप्प बसली होती. तिला काहीतरी बोलायचं होतं. पण तेवढ्यात दादाचा फोन वाजला.

“जेवलीस का?” दादाचा आवाज एकदम तरुण झाला. “मी? मी झकास. भाजी जरा करपली. नाही गं, खाण्यासारखी आहे.” मग मुलांचं, शाळेचं, खोलीतल्या कपाटाचं असं बरंच चाललं. पलीकडून वहिनी हसत होती. ते हसू टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होतं. शब्द मात्र कळत नव्हते.

“ठकी आलीय,” दादा मध्येच म्हणाला. “समोरच बसलीय. देऊ का तिला?”

ठकीनं हात पुसला. फोन घ्यायला तो पुढेही केला.

दादा ऐकत होता. “हं,” म्हणाला. मग थोड्या वेळानं, “बरं.” फोन बंद करून त्यानं तो पालथा ठेवला आणि पानातला भात उगाचच कालवत बसला.

“कामात आहे म्हणाली,” ठकीकडे न बघता तो म्हणाला. “रविवारीसुद्धा सोडत नाहीत बघ त्या शाळेवाले.”

“हो ना,” ठकी म्हणाली, आणि खाली बघून करपलेली भाजी खाऊ लागली.